अँबॅसिडरच्या बॅटरीबद्दल तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. चतुर्थीच्या गर्दीत, पद्मालयच्या गणपतीला, मे महिन्याच्या उन्हात तुमच्या आईंना तासभर गाडीबाहेर उभं राहावं लागलं. त्याबद्दल सर्वांत आधी माफी मागतो.

बाकीचं नंतर वाचा, आधी एक काम करा. गाडी उभी करून इंजिन बंद केलं की बॅटरीची बॉडीकडे जाणारी केबल सोडून ठेवा. दर वेळी, दहा मिनिटांसाठी थांबलात तरी. इंजिन चालू असताना मात्र तिला हात लावू नका.

तुमचं म्हणणं असं : आम्ही गाडी दोन दिवस ठेवली, बॅटरी चांगली आहे म्हणून सांगितलं, डायनॅमोच्या (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) कामाचे 1,850 रुपये घेतले आणि नवव्या दिवशी बॅटरी पुन्हा उतरली. एरंडोलच्या दुकानदाराने नवी बॅटरी बसवली, गाडी चालली. म्हणजे दोष बॅटरीचाच होता आणि आम्ही फसवलं.

गाडी आली त्या सकाळी आमच्या वहीत लिहिलेलं आहे : बॅटरी 12.1 व्होल्ट, ॲसिडची ग्रॅव्हिटी (घनता, बॅटरी किती भरली ते यावरून कळतं) सहाही घरांत 1.190 ते 1.200. बॅटरी मेली असती तर एखादं घर बाकीच्यांपेक्षा बरंच खाली दिसलं असतं. इथे सहाही घरं सारखीच उपाशी होती. रात्रभर चार्जिंगला लावल्यावर ग्रॅव्हिटी 1.265 झाली, व्होल्टेज 12.6 वर थांबलं आणि सेल्फ मारताना 10 च्या खाली गेलं नाही. आमचा पोरगा तेव्हाच म्हणाला, "बॅटरीले काहीच व्हयेल नही." ते आजही खरं आहे असं मला वाटतं.

मग डायनॅमो. त्याच्या डी आणि एफ या टर्मिनलांच्या दोन्ही वायरी काढून ती टर्मिनलं एकत्र जोडली, मीटरचं दुसरं टोक बॉडीला लावलं. इंजिन थोडं वाढवलं की काटा झपाट्याने 20 व्होल्टकडे जायला हवा. तुमचा 9 वर अडकला. उघडल्यावर एक कार्बन (फिरत्या भागावर घासून करंट घेणारा तुकडा) झिजून होल्डरमध्येच अडकलेला दिसला, आर्मेचरचं, म्हणजे त्या फिरत्या भागाचं, तांबं काळं पडलेलं. कार्बन बदलले, तांबं साफ केलं, पट्ट्यांमधलं अभ्रक खाली घेतलं, पट्टा ताणला. जुने कार्बन तुमच्या हातात दिले होते, डॅशबोर्डच्या कप्प्यात असतील. हे काम गरजेचं होतं आणि त्याचे पैसे रास्त होते. फसवणूक हा शब्द मला मान्य नाही.

चूक आमची झाली ती पुढे, आणि ती तुमच्याच रिव्ह्यूतल्या एका ओळीने मला कळली. "बॉनेट उघडलं तर जळका वास येत होता आणि डायनॅमोला हात लावता येत नव्हता." अर्धा तास उभ्या असलेल्या गाडीचा डायनॅमो इतका तापलेला कसा राहील? भाऊ, हा कटआऊट चिकटल्याचा वास आहे.

कटआऊटचं काम दरवाजासारखं. डायनॅमो करंट देतो तोवर उघडा, इंजिन बंद झालं की बंद, म्हणजे बॅटरीतला करंट उलटा डायनॅमोत जाऊ नये. त्याचे पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकून करंट जाऊ देणारी टोकं, जळून चिकटले तर दरवाजा उघडाच राहतो. डायनॅमो मोटारसारखा फिरू पाहतो, पट्टा फिरू देत नाही, मग सगळा करंट वायंडिंग तापवण्यात जातो. भरलेली बॅटरी बघता बघता रिकामी होते. ती रिकामी झाली, सगळं थंड झालं की पॉइंट पुष्कळदा आपोआप सुटतात. त्यामुळे नंतर बघणाऱ्याला फक्त उतरलेली बॅटरी दिसते. एरंडोलच्या दुकानदाराला मी दोष देत नाही.

आम्ही ते पॉइंट पॉलिश पेपरने घासले, गाडी दुकानाच्या सावलीत पाच मिनिटं चालवून बघितली आणि सोडली. डायनॅमो दुरुस्त झाल्यावर त्याच जुन्या, जळक्या पॉइंटांवरून पहिल्यापेक्षा जास्त करंट जाणार होता. जळगावात पारा 44-45 च्या घरात असताना तासभर पळवून, गरम इंजिन बंद करून तपासायला हवं होतं. ते केलं नाही. ही चूक माझी, पोरांची नाही.

नवी बॅटरी तर जास्तच जोर लावणार, म्हणून केबल सोडायला सांगितलं. वायर पेटू शकते. घरबसल्या बघायचं असेल तर केबल जोडून, सेल्फ मारायच्या आधी फक्त चावी फिरवा. चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे. लागला नाही तर एकतर बल्ब गेला किंवा कटआऊट चिकटलेला. अशा वेळी केबल लगेच सोडा आणि मला फोन करा, मी गाडीपाशी येतो.

इंजिन स्लोमध्ये असताना लाल दिवा लागतो, ही तुमची दुसरी तक्रार. तो दोष नाही. डायनॅमोची गाडी स्लोमध्ये चार्जच करत नाही, अल्टरनेटरच्या नव्या गाड्यांची सवय झाल्यामुळे खटकतं. रेस दिल्यावर दिवा विझतो ना, तेवढं बघा.

वडिलांची 1972 ची मार्क 2 तुम्ही अजून रस्त्यावर ठेवली आहे, ती माझ्या हातून बिघडू नये. कटआऊटचा पूर्ण डबा बदलून देतो, सामान आणि मजुरी दोन्ही माझ्याकडून. या वेळी तुम्हाला शेजारी बसवून एरंडोलपर्यंत जाऊन येऊ, तिथे इंजिन बंद करून मीटर लावू. जुनी बॅटरी त्या दुकानात अजून असेल तर घेऊन या. तुमच्यासमोर चार्ज करून लोडवर तपासतो. ती खराब निघाली तर 1,850 रुपये परत. सोमवारी दुकान बंद असतं, पण तुमच्यासाठी उघडतो.