अथनासियसच्या तोंडी अद्वैत घालू नका

"देव माणूस झाला, तो आपण देव व्हावं म्हणून." चौथ्या शतकातला अलेक्झांड्रियाचा बिशप अथनासियस याचं हे वाक्य हल्ली फॉरवर्ड होऊन फिरत असतं. सोबतच्या मजकुराचा मथितार्थ असा: आद्य ख्रिस्ती आचार्य 'अहं ब्रह्मास्मि'च शिकवत होते. ही शिकवण भारतातून तिकडे गेली. सम्राट कॉन्स्टन्टाइनने ३२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेत ती दडपली, पुढे तिसऱ्या शतकातल्या ऑरिजेन या आचार्याला पुनर्जन्म शिकवल्याबद्दल ५५३ मध्ये पाखंडी ठरवलं, आणि आज कुठल्याच चर्चमध्ये हे ऐकायला मिळत नाही. त्यावर एखादा ख्रिस्ती माणूस चिडून लिहितो की असलं वाक्य कुणी उच्चारलंच नव्हतं. घोळ दोन्हीकडे आहे.

आधी वाक्याचं. ते अस्सल आहे. 'शब्दा'च्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, देहधारणेवरील अथनासियसच्या ग्रंथात, ५४व्या प्रकरणात ते आहे. तो एकटाही नव्हता. त्याच्या दीडेकशे वर्षं आधी, साधारण १८०च्या सुमारास, लियॉंचा इरेनियस लिहून गेला की ख्रिस्त आपण आहोत तसा झाला, तो आपल्याला स्वतःसारखं करण्यासाठी. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट तेच म्हणतो. 'तुम्ही दैवी स्वभावाचे भागीदार व्हावं' हे बायबलमधल्या पेत्राच्या दुसऱ्या पत्रात आहे, आणि 'तुम्ही देव आहात' हे ८२व्या स्तोत्रात. तेव्हा चिडणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

आता नायसियाने दडपल्याचं. इथे तर फॉरवर्ड लिहिणाऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतलाय. पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा पित्यासारखाच खरा देव, हा नायसियाचा निर्णय; अथनासियस हा त्याचा सर्वांत हट्टी पाठीराखा. परिषदेला तो बिशपच्या मदतीला तरुण डीकन (धर्मगुरूच्या खालचा सेवक) म्हणून हजर होता, ३२८ मध्ये स्वतः बिशप झाला, आणि तो निर्णय सोडायला तयार नाही म्हणून पुढे पाच वेळा हद्दपारी भोगली. त्याला पहिल्यांदा हद्दपार केलं ते खुद्द कॉन्स्टन्टाइनने! ज्या बाजूने दडपलं म्हणायचं, त्याच बाजूचा अथनासियस ते वाक्य लिहिणारा.

हा नुसता योगायोग नाही. नायसियाचं भांडण अलेक्झांड्रियाच्याच एरियस या धर्मगुरूशी होतं. एरियसचं म्हणणं, पुत्र हा पित्याने निर्माण केलेला. कितीही श्रेष्ठ असला तरी निर्मितीच. अथनासियसचं उत्तर असं: पुत्र स्वतःच निर्मित असेल, त्याचं देवपण त्यालाच वरून मिळालेलं असेल, तर तो दुसऱ्याला ते काय देणार? निर्मिताला निर्मिताशी जोडून माणूस देवापर्यंत पोचत नाही. माणसाला देवपण मिळतं, यावर चर्चची श्रद्धा आहे. म्हणून ते देणारा खराखुरा देवच असला पाहिजे. पुढे पवित्र आत्म्याबद्दलही त्याने सेरापियन या बिशपला लिहिलेल्या पत्रांत हाच युक्तिवाद केला. म्हणजे माणसाचं देव होणं ही नायसियाच्या बाजूची हुकमाची पानं होती, आणि ती दडपली म्हणणं म्हणजे सगळा डाव उलटा वाचणं.

या युक्तिवादाचा सगळा जोर एकाच गोष्टीवर आहे: देणारा आणि घेणारा वेगळे आहेत. पुत्र स्वभावाने देव, आपण कृपेने. अद्वैतात जीव ब्रह्म 'होत' नाही. तो होताच, फक्त अज्ञान जायचं बाकी. अथनासियसच्या लेखी माणूस शून्यातून घडवलेला आहे आणि सोडून दिला तर पुन्हा शून्याकडेच घसरणारा. आत लपलेलं देवपण उघडं पडत नाही. नसलेलं दिलं जातं. त्याच ग्रंथात तो गवताच्या काडीचा दाखला देतो. काडीपासून आग दूर ठेवली तरी काडी जळण्याजोगीच राहते. तिला न जळणाऱ्या ॲस्बेस्टॉसमध्ये गुंडाळली तर आगीचं भय संपतं. काडीचा ॲस्बेस्टॉस होत नाही, हे लक्षात घ्यावं. शिवाय इथे वाचतं ते शरीर. मरणारा, कुजणारा देह अमर होणं, हा या आचार्यांच्या लेखी देवपणाचा मोठा भाग आहे. देहातून सुटका हवी असलेल्याला ते फारसं रुचणार नाही.

फॉरवर्डमध्ये दुसरं एक वचन हमखास असतं, योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायातलं, येशू शिष्यांसाठी पित्याकडे प्रार्थना करतो तिथलं: 'आपण जसे एक आहोत तसे त्यांनीही एक व्हावे.' गंमत म्हणजे हेच वचन एरियसचे लोक पुढे करत. त्यांचा उद्देश उलटा होता: शिष्य जसे देवाशी एक, तसाच पुत्रही एक, म्हणजे पुत्रात विशेष काही नाही. अथनासियसने एरियसच्या लोकांविरुद्धच्या तिसऱ्या प्रवचनात याचा समाचार घेतला आहे. योना हा संदेष्टा जसा माशाच्या पोटात तीन दिवस होता, तसा मनुष्याचा पुत्र पृथ्वीच्या उदरात राहील, असं येशू म्हणाला. म्हणून योना म्हणजे तारणारा झाला का, आणि मासा म्हणजे अधोलोक? सारखेपणा दाखवला म्हणजे दोन्ही गोष्टी एकच ठरत नाहीत.

ऑरिजेनच्या बाबतीत फॉरवर्डमध्ये अर्धं तथ्य आहे. ५५३च्या परिषदेशी जोडलेल्या निषेधवचनांत आत्म्याचं पूर्वास्तित्व (देहाआधीचं अस्तित्व) येतं, आणि शेवटी सगळे जीव एकाच एकत्वात विरून वेगळेपण उरणार नाही, हेही. म्हणजे अद्वैताशी थोडाफार मेळ बसेल असं काही चर्चने खरंच नाकारलं. पण ते रोखलं होतं प्रामुख्याने सहाव्या शतकातल्या पॅलेस्टाइनच्या संन्याशांवर, ज्यांच्यापैकी काहींना आपण ख्रिस्ताच्या बरोबरीचे होऊ असं वाटे. ऑरिजेन जाऊन तेव्हा तीनशे वर्षं झाली होती. आणि पुनर्जन्म? मत्तयावरच्या भाष्यात, बाप्तिस्मा करणारा योहान म्हणजे पूर्वीचा संदेष्टा एलियाच पुन्हा जन्मलेला का, या प्रश्नावर ऑरिजेनने स्वतःच ती कल्पना चर्चला परकी म्हणून बाजूला सारली आहे.

भारतातून गेल्याचं म्हणाल, तर क्लेमेंटला बुद्धाचं नाव ठाऊक होतं, एवढं नक्की. नाव ठाऊक असणं आणि शिकवण उचलणं यात अंतर आहे. या आचार्यांनी बाहेरून काही घेतलं असेल तर ते प्लेटोकडून. शक्य तितकं देवासारखं व्हावं, हे त्याच्या 'थिएटेटस'मध्ये आहे. आपल्याकडे नातं जोडायचंच तर शंकराचार्यांपेक्षा, जीव आणि ब्रह्म यांत भेद राखणाऱ्या रामानुजांकडे बघावं, आणि तेही जपूनच.

राहिला आजच्या चर्चचा प्रश्न. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेत तर ही शिकवण मध्यभागीच आहे. पश्चिमेतही ती नव्हती असं नाही: पश्चिमेचा मोठा आचार्य ऑगस्टिन म्हणतो, माणसं देव होतात ती कृपेने, देवाच्या सत्त्वातून जन्मून नव्हे. कॅथलिक चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात, ४६०व्या परिच्छेदात, अथनासियसचं तेच वाक्य जसंच्या तसं आहे. वसईतल्या एखाद्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, बसलात, तर अर्पणविधीत धर्मगुरू द्राक्षारसाच्या पेल्यात पाण्याचा थेंब टाकताना काय पुटपुटतात त्याकडे कान द्या. ज्याने आमचं मानवपण घेतलं त्याच्या देवपणात आम्ही सहभागी व्हावं, असा त्या प्रार्थनेचा आशय आहे. ती बहुतेकदा हळू आवाजात म्हणतात, त्यामुळे मागच्या बाकांपर्यंत पोचत नाही इतकंच.