मिठाने नायट्रेट जात नाही

‘अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले की काळजी मिटली, नायट्रेट माशांना काहीही करत नाही, पाणी बदलणे हा वायफळ खर्च आहे, फारच वाटले तर मीठ टाका आणि हवा वाढवा,’ असा एक संदेश मत्स्यपालकांमध्ये फिरतो आहे. माझ्या धाकट्या भावाने तो खरा मानला आणि तेच पाणी गाळून पुन्हा वापरणाऱ्या आपल्या टाकीतले पाणी दोन महिने बदललेच नाही, म्हणून हे लिहावे लागत आहे. माशांच्या शरीरातून पाण्यात येणाऱ्या अमोनियाचे जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट टाकीत साचत जाते.

यातला सर्वांत घातक सल्ला मिठाचा आहे, कारण तो खऱ्या उपायावरून उचललेला आहे. नायट्राइट माशाच्या कल्ल्यांतून ज्या वाटेने शरीरात शिरते, तीच वाट क्लोराइडचीही असते. त्यामुळे पाण्यात मीठ असले की क्लोराइड ती वाट अडवते आणि नायट्राइट रक्तात कमी जाते. रक्तात गेलेले नायट्राइट हिमोग्लोबिनचे मेथहिमोग्लोबिन करते, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि एरवी लालभडक दिसणारे कल्ले तपकिरी पडतात. मीठ त्या संकटावर आहे. नायट्रेट मिठाने कणभरही कमी होत नाही. मीठ टाकून निर्धास्त झालेला माणूस पाणी बदलणे मात्र पुढे ढकलत राहतो.

हवेचा मुद्दा तर उलटाच आहे. अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू लागतो, आणि नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणारे जिवाणू ते काम जिथे प्राणवायू जवळजवळ नसतो तिथे करतात. हवा माशांना लागतेच, पण तिने नायट्रेट उडून जात नाही.

नायट्रेट हे अमोनिया किंवा नायट्राइटइतके जहाल नाही, हे मान्य करावे लागेल. थोड्या दिवसांच्या चाचण्यांत ते बरेच जास्त असूनही मासे जगतात. पण पाळलेला मासा त्या पाण्यात महिनोन्‌महिने राहतो. अमेरिकेतील फ्रेशवॉटर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रेनबो ट्राउटची पिल्ले सुमारे तीन महिने दोन प्रकारच्या पाण्यात वाढवली: एकात लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजन, दुसऱ्यात ८० ते १००. जास्त नायट्रेटच्या पाण्यात कुशीवर कलून पोहणारे मासे लक्षणीय प्रमाणात अधिक आढळले, आणि या माशासाठी ७५ ही वरची मर्यादा सुचवली गेली. प्रत्येक जातीची सहनशक्ती वेगळी असते, पण ‘काहीही करत नाही’ हे विधान इथेच कोसळते.

हे आकडे नायट्रेटमधल्या फक्त नायट्रोजनचे आहेत. अख्खे नायट्रेट म्हणून मोजायचे तर त्यांना ४.४३ ने गुणावे लागते. पाणी तपासण्याचा आपला संच यांपैकी काय दाखवतो, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे.

‘पाणी नितळ आहे म्हणजे चांगले आहे’ या वाक्यावर वेळ घालवत नाही. विरघळलेल्या नायट्रेटला रंगही नसतो आणि वासही नसतो.

भावाच्या संचातील नायट्रेट चाचणीच्या रसायनाची दुसरी बाटली नीट हलवलेली नव्हती, म्हणून नळीतला रंग इतके दिवस फिका नारिंगी येत होता. ती जोरात हलवून पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा ताडून पाहायच्या रंगपट्टीवरच्या शेवटच्या रंगापेक्षाही गडद लाल आला. आता तो पाणी थोडे थोडे करून बदलतो आहे, कारण एवढे साचलेले पाणी एकदम बदलले तर माशांना त्याचाही धक्का बसतो.