पत्रा गळतोय, इम्पॅक्ट सांगा

मी आमच्या गावच्या अभ्यासिकेचा सेक्रेटरी आहे, म्हणजे मीटिंगला जो गैरहजर असतो त्याला एकमताने निवडतात तसा झालोय. गाव पाटण तालुक्यातलं, जूनमध्ये पाऊस जो बसतो तो गणपती गेले तरी उठत नाही, आणि आमचा पत्रा असा की एमपीएससीवाली पोरं एका हाताने पान उलटतात आणि दुसऱ्याने घमेलं सरकवतात. नव्या पत्र्याला 85 हजार पाहिजे होते. कुणीतरी सांगितलं, जिल्ह्यातलं एक फाउंडेशन छोट्या संस्थांना ग्रँट देतं, फॉर्म भरायचा फक्त.

फक्त!

सोसायटीचं सर्टिफिकेट 1860 च्या कायद्याचं, ट्रस्टचं 1950 च्या (एकाच पोराच्या दोन मुंजी), पॅन, 12ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफीचं), दर्पण या सरकारच्या संस्था-नोंदणी पोर्टलचा नंबर, तीन वर्षांचं ऑडिट आणि देणगीदाराला करसवलत देणारं 80जी, जे पूर्वी एकदा मिळालं की जन्माचं मिळायचं आणि 2021 पासून पाच-पाच वर्षांनी परत मागत बसावं लागतं. शिवाय शेड्यूल वनचा उतारा, म्हणजे धर्मादाय कार्यालयातली ट्रस्टची नोंद. त्यावर सात विश्वस्त, पैकी खजिनदार तात्या जाऊन बरीच वर्षं झाली. नियम असा की विश्वस्तांत बदल झाला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यायचा. आम्ही तो दिलाय, पण मंजूर व्हायचाय, म्हणजे कागदावर तात्या ठणठणीत आहेत. फाउंडेशनचे सर फोनवर म्हणाले, "मग खजिनदारांची सही तेवढी घ्या ना." मी म्हटलं सर, अमावस्येला प्रयत्न करतो.

पुढची अडचण, ते बांधकामाला पैसे देत नाहीत. पुण्याच्या भाच्याला फोन लावला, तो असलेच प्रपोजल लिहितो. "मामा, आधी पत्रा हा शब्दच काढून टाक," म्हणाला, आणि रात्रीत आमच्या अभ्यासिकेची 'हवामान-सक्षम लर्निंग स्पेस' झाली. 'इम्पॅक्ट कसा मोजणार?' या रकान्यात मी लिहिलं होतं, घमेली मोजून. ते त्याने खोडलं. मला अजूनही तेच उत्तर बरोबर वाटतं.

मग साइट व्हिजिट, ती नेमकी एप्रिलात. बाहेर रखरखीत ऊन आणि आम्हाला गळती दाखवायची. शेवटी आप्पा बोअरचा पाइप घेऊन पत्र्यावर चढले, खाली पोरांना घमेली घेऊन बसवलं, मॅडमची गाडी वळणावर दिसली की शिट्टी असं ठरलं. मॅडम आल्या, पोहे खाल्ले, आत आल्या आणि टप-टप बघून एकदम खूशच झाल्या. "अरे वा, हा रेन वॉटर हार्वेस्टिंगचा डेमो का?" मी तोंड उघडायच्या आत अध्यक्ष "होय की!" म्हणून मोकळे. आमचे अध्यक्ष आयुष्यात कुठल्या मॅडमला नाही म्हणालेले नाहीत.

दोन महिन्यांनी पत्र आलं. 60 हजार मंजूर, दोन हप्त्यांत, जलसंधारण या हेडखाली, आणि दुसऱ्या हेडला एक रुपयाही वळवायचा नाही अशी ठळक अक्षरात तंबी. मी अध्यक्षांकडे बघितलं, ते कॅलेंडरकडे बघत होते. तर आता दारात एक हजार लिटरची काळी टाकी आहे, पन्हाळ आहे, पाइप आहे, फिल्टर आहे, आणि पत्रा तोच आहे, त्यामुळे पाऊस पन्हाळीपर्यंत पोचतच नाही, त्याआधीच पोरांच्या डोक्यावर उतरतो.

दुसऱ्या हप्त्यासाठी सीएच्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामालाच लागले असं) लागतं, ते मिळालं, आणि भरलेल्या टाकीचा जिओ-टॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेला फोटो. परवा दुपारभर पोरं आतली घमेली आणून टाकीत ओतत होती. पाचपर्यंत काठोकाठ भरली. फोटो काढला, 'लाभार्थींचा सहभाग' या रकान्यात 100 टक्के लिहिलं आणि पाठवून दिलं.