शेजारचा देश न्याहारीपूर्वी कसा घ्यावा

शेजारचा देश घ्यावा असं तुमच्या मनात आलं असेल, तर लाजू नका. थोरामोठ्यांच्या मनातही तेच येतं. फक्त आरडाओरडा न करता, रीतसर घ्या. जर्मनीने ९ एप्रिल १९४० ला डेन्मार्क कसा घेतला, ते नीट अभ्यासा. पहाटे सव्वाचारच्या सुमारास फौजा सरहद्दीपार गेल्या आणि कोपनहेगनच्या लोकांची न्याहारी व्हायच्या आत सरकार शरण आलं होतं.

सुरुवात मैत्रीने करावी. ज्याच्या घरात घुसायचंय त्याच्याशी आधी अनाक्रमणाचा करार करून टाकावा. जर्मनीने तो स्वीडन, नॉर्वे आणि फिनलंडलाही देऊ केला होता. ते तिघे ‘आहोत तसे बरे आहोत’ म्हणाले. डेन्मार्कने ३१ मे १९३९ ला सही केली. मुदत दहा वर्षांची होती, करार टिकला दहा महिने. वर्षांच्या जागी महिने झाले, एवढ्यावरून विश्वासघात वगैरे म्हणणारी कोत्या मनाची माणसं सगळीकडे असतातच.

आता कारण. शेजाऱ्याने काहीच आगळीक केलेली नसेल तर पंचाईत होते खरी. डेन्मार्कने केली नव्हती. हिटलरला खरं तर नॉर्वे हवा होता, कारण स्वीडनचं लोखंडाचं खनिज हिवाळ्यात नॉर्वेच्या नार्विक बंदरातून जर्मनीला जायचं. डेन्मार्क मध्ये पडत होता, आणि त्याच्या उत्तरेला ऑलबोर्गचा विमानतळ सोयीचा होता, इतकंच. पण शेजाऱ्याला ‘तू वाटेत आलास’ असं तोंडावर सांगणं बरं दिसत नाही. ‘तुझ्या संरक्षणासाठी आलोय’ असं सांगावं. जर्मन राजदूत रेंटे-फिंक यांनी भल्या पहाटे परराष्ट्रमंत्री मुंक यांना उठवून हेच सांगितलं: इंग्लंड-फ्रान्स तुमच्या तटस्थतेवर टपलेत, म्हणून ती राखायला आम्ही फौज आणली. तुमच्या स्वातंत्र्याला आणि भूमीला आत्ता किंवा पुढेही धक्का लावायचा विचार नाही. निवेदन हातात पडेपर्यंत फौज आत शिरलेली होती, त्यामुळे चर्चा लांबली नाही. ही वेळ मात्र काटेकोर साधा. कागद आधी पोचला तर शेजारी विचार करू लागतो.

जागा आधी पाहून ठेवा. कोपनहेगनवर चाल करणाऱ्या तुकडीचा मेजर चार-पाच दिवस आधी साध्या कपड्यांत येऊन शहर बघून गेला होता. त्या पहाटे ‘हान्सेस्टाट डान्झिग’ नावाचं जहाज त्याचे सैनिक घेऊन सागरी किल्ल्यासमोरून थेट बंदरात आलं. किल्ल्यावरची तोफ उडालीच नाही. कास्टेलेट हा शहरातला जुना गड काही मिनिटांत पडला.

वरून विमानं पत्रकं टाकत होती. पत्रकांवर खर्च करा, हे मी कळकळीने सांगतो. जर्मनांच्या पत्रकात डॅनिश आणि नॉर्वेजियनची अशी खिचडी झाली होती की लोक अजून चेष्टा करतात. चर्चिलला शतकातला सर्वांत मोठा युद्धखोर ठरवलं होतं, तेही अशुद्ध भाषेत. देश जिंकायला भूदल, नौदल, विमानदल सगळं होतं. मजकूर तपासायला एक माणूस मिळाला नाही.

डॅनिश सेनापती प्रायर लढू या म्हणत होते. राजा दहावा ख्रिस्तियन आणि पंतप्रधान स्टाउनिंग यांनी बाँबफेकीची धमकी, सपाट प्रदेश आणि चाळीस लाखांहूनही कमी लोकसंख्या असा हिशेब केला आणि थांबायचं ठरवलं. त्यांना भित्रे म्हणायचा मोह अनेकांना होतो. मला होत नाही. नॉर्वे दोन महिने झुंजला आणि त्याच्याही वाट्याला तेच आलं. तरी जर्मन सरहद्दीलगतच्या दक्षिण युटलंडमध्ये काही डॅनिश सैनिकांनी हिशेब कळायच्या आत लढून घेतलं. सुमारे १६ जण मेले. तुमच्या अहवालात ‘शांततेत पार पडले’ असंच लिहा. सोळा आकडा कुणी विचारत नाही.

ताबा मिळाल्यावर राजा, संसद, न्यायालयं राहू द्या. लोणी आणि डुकराचं मांस वेळेवर येत असेल तर झेंडा कुणाचा, यावर अडू नका. जगाला दाखवायला ‘आदर्श संरक्षित राज्य’ तयार होतं. पण लाड किती करायचे याला मर्यादा हवी. जर्मनांनी मार्च १९४३ मध्ये निवडणूकसुद्धा होऊ दिली! जवळजवळ नव्वद टक्के लोक मतदानाला आले आणि डॅनिश नाझी पक्षाला दोन टक्क्यांच्या आसपास मतं देऊन घरी गेले.

राजाला वाढदिवसाच्या शुभेच्छाही पाठवू नयेत. १९४२ मध्ये हिटलरने लांबलचक तार केली. उत्तर आलं, ‘मनःपूर्वक आभार’, खाली राजाची सही. बस्स. हिटलर इतका भडकला की त्याने आपला राजदूत परत बोलावला. पुढच्या ऑगस्टमध्ये डॅनिश सरकारने राजीनामा दिला, नौदलाने आपलीच जहाजं बुडवली. ऑक्टोबरमध्ये ज्यूंची धरपकड ठरली, तर जर्मन वकिलातीतल्याच डकविट्झ यांनी बातमी फोडली; सात हजारांवर माणसं होड्यांतून स्वीडनला निसटली. इतकं चांगलं संरक्षण करूनही लोक असे वागतात.

आणि मोहिमेआधी शेजाऱ्याचे परदेशातले राजदूत काहीतरी निमित्त काढून मायदेशी बोलवून घ्या. वॉशिंग्टनमधले डॅनिश राजदूत काउफमान यांचं काय करायचं हे कुणाला सुचलंच नाही. त्यांनी कोपनहेगनचे हुकूम मानायचं सोडून दिलं आणि आक्रमणाला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी, ९ एप्रिल १९४१ ला, डेन्मार्कच्या ताब्यातल्या ग्रीनलंडमध्ये तळ बांधायची मुभा परस्पर अमेरिकेला देऊन टाकली. कोपनहेगनने त्यांना बडतर्फ केलं, देशद्रोहाचा आरोप ठेवला. ते तिकडेच राहिले. अमेरिकेचे सैनिक ग्रीनलंडमध्ये आजही आहेत. संरक्षणासाठीच.