स्ट्रिप टाकली म्हणजे पंक्चर निघालं असं नव्हे

व्हॅनचालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा पुन्हा फिरतो. त्यात म्हटलं आहे ते थोडक्यात असं: ट्यूबलेस टायरचं पंक्चर चाक न काढता, बाहेरून स्ट्रिप (भोकात खुपसायची चिकट रबरी पट्टी) टाकून पाच मिनिटांत निघतं आणि टायर झिजेपर्यंत टिकतं. आतून मशरूम पॅच (दांडी जोडलेला, छत्रीसारखा पॅच) लावा म्हणणारा दुकानदार लुटतो. हवा हळूहळू जाते, तेव्हा दहा-पंधरा किलोमीटर तशीच चालवली तरी बिघडत नाही. साइडला भोक पडलं तर दोन स्ट्रिपा टाका, तरी हवा जात असेल तर ट्यूब घाला. ज्या गाड्यांत शाळेची मुलं बसतात त्यांच्या चालकांना हा सल्ला दिला जातोय, म्हणून एकेक मुद्दा तपासायला हवा.

“स्ट्रिप टायर संपेपर्यंत टिकते.” स्ट्रिप हवा धरते, कित्येकदा महिनोन्‌महिने धरते, हे खरं आहे. पण हवा धरणं आणि टायर दुरुस्त होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेडियल टायरच्या ट्रेडखाली (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार भागाखाली) पोलादी तारांचे पट्टे असतात आणि सगळ्यात आत हवा अडवणारा रबराचा पातळ थर असतो. स्ट्रिप भोकात अडकून बसते, त्या आतल्या थराला ती सील करत नाही. भोकाच्या कडेने पाणी मुरलं की तारा गंजतात, रबर तारांपासून सुटतं आणि एक दिवस ट्रेडवर फुगा दिसतो. स्ट्रिप घालण्याआधी रास्प (भोक साफ करायची कानशीसारखी सळई) जोरात पुढे-मागे फिरवली की खिळ्याने न तोडलेल्या ताराही तुटतात. म्हणूनच अमेरिकेतल्या टायर उद्योगाच्या नियमांत नुसता प्लग (म्हणजे स्ट्रिपसारखं नुसतं भोक भरणं) किंवा नुसता पॅच ही मान्य दुरुस्ती धरलेली नाही. भोक भरणं आणि आतून झाकणं, दोन्ही व्हायला लागतं.

रस्त्यात अडकलात तर स्ट्रिप जरूर टाका, पण ती दुकानापर्यंत हळू पोहोचण्यासाठी, शक्य तर गाडी रिकामी करून. आणि खिळा रुतलेला असूनही हवा टिकत असेल, तर तो रस्त्यात उपसू नका. हवा पूर्ण भरा आणि तसेच दुकानात जा.

“हवा कमी असली तरी थोडं चालवलं तर चालतं.” सगळ्यात जास्त टायर यानेच मरतात. हवा कमी झाली की प्रत्येक फेऱ्यात साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दुमडते आणि सरळ होते, त्या घर्षणाने तापते आणि आतले धागे एकमेकांपासून सुटू लागतात. बाहेरून टायर नवा कोरा दिसतो. रिमवरून उतरवला की आत रबराची काळी भुकटी सापडते किंवा साइडवॉलच्या आतल्या बाजूने गोल वळ उठलेला दिसतो. असा टायर बाद समजायचा, पंक्चर कितीही बारीक असो. चाक न काढता स्ट्रिप टाकणाऱ्याला हे कधीच दिसत नाही. पुढे तोच टायर पूर्ण भरलेल्या व्हॅनखाली, मे महिन्यात, ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर तासन्‌तास एका वेगात धावला, तर त्याला निवायला उसंतच मिळत नाही.

“मशरूम म्हणजे लूट.” आधी एक घोळ निस्तरू. बंदुकीसारख्या हत्याराने बाहेरून घालतात तो मशरूम प्लग वेगळा. तोही चाक न उघडताच बसतो, त्यामुळे वरचे सगळे आक्षेप त्यालाही लागू. इथे बोलतोय ते दांडी आणि पॅच एकत्र असलेल्या, आतून ओढायच्या मशरूमबद्दल.

त्याचं काम असं चालतं. भोकाची जागा आणि टायर-रिमची जुळणी खडूने खुणावतात. व्हॉल्व्हची पिन काढून सगळी हवा सोडतात, बीड (रिमला घट्ट बसलेली टायरची कड) सोडवून टायर उतरवतात आणि उजेडात आतून तपासतात. खिळा कोणत्या कोनात घुसला ते सुईने पाहतात, कारण तिरक्या भोकात सरळ दांडी नीट बसत नाही. मग भोक आतून कार्बाइड कटरने साफ करतात. पॅचपेक्षा थोडी मोठी जागा कमी वेगात, हलक्या हाताने घासतात. धागे दिसले तर घासणं जास्त झालं, टायर गेला. भुकटी व्हॅक्यूमने ओढतात, फुंकर मारत नाहीत, कारण फुंकरीतला ओलावा तिथेच बसतो. सोल्युशन लावून ते वाळू देतात. बोटाच्या मागच्या बाजूला चिकटेनासं झालं की दांडी आतून बाहेर ओढायची आणि पॅचवर मधून कडेकडे रोलर दाबून फिरवायचा. ओल्या सोल्युशनवर चिकटवलेला पॅच तापल्यावर सुटतो. दुरुस्ती फसते ती बहुतेक वेळा याच घाईने. शेवटी घासलेल्या कडांवर सीलर, दांडी न ताणता ट्रेडच्या किंचित वर कापणं, हवा भरून साबणाचं पाणी आणि बॅलन्सिंग. पैसे या मेहनतीचे आहेत.

“साइडला दोन स्ट्रिपा टाका.” अजिबात नको. साइडवॉलमध्ये पोलादी पट्टे नसतात आणि ती सतत वाकत असते. दुरुस्ती ट्रेडच्या मधल्या भागात आणि ६ मिमीपर्यंतच्या भोकाचीच करायची. शोल्डरवर, म्हणजे ट्रेड आणि साइडवॉल मिळतात त्या कडेवर, भोक असेल तरीही टायर बदला.

“नाहीतर ट्यूब घाला.” ट्यूबलेस टायरची आतली बाजू ट्यूबसाठी गुळगुळीत केलेली नसते. ट्यूब घासते आणि तापते. ती फुटली की हवा हळू जात नाही, रिमच्या व्हॉल्व्हच्या भोकातून एकदम निसटते. म्हणजे ट्यूबलेसचा जो फायदा मेसेज सांगतो, तोच यात हातचा जातो.

टायर बदलायची वेळ आली तर नुसती साइज जुळवू नका, लोड इंडेक्सही (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) पाहा. ७३ म्हणजे एका टायरवर ३६५ किलो, ९० म्हणजे ६०० किलो. १५५ रुंदीचे आणि १३ इंची रिमचे टायर या दोन्ही क्षमतांत मिळतात. व्हॅनला एलटी (हलक्या मालवाहू गाड्यांचा) टायर असेल आणि कारचा स्वस्त टायर बसवला, तर गाडीच्या वजनाचा हिशेबच चुकतो. हवेचा आकडा दारावरच्या स्टिकरवरून घ्या, टायर थंड असताना मोजा. एका एक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला टायर नको, मागच्या डिफरन्शिअलला (दोन चाकांत इंजिनाची ताकद वाटणाऱ्या गिअरांना) विनाकारण काम पडतं. ट्रेड १.६ मिमीच्या खाली गेला तर कायद्यानेही टायर बाद.

मेसेजमध्ये आणखी एक ओळ आहे: गिअरमध्ये टाकून हँडब्रेक ओढला की जॅक लावा. ईको किंवा ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे धोक्याचं आहे. हँडब्रेक मागच्याच चाकांना असतो. त्यातलं एक उचललं की गाडी धरायला एकच चाक उरतं, आणि गिअरची पकड डिफरन्शिअलमधून उचललेल्या चाकाकडे निसटते. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, माणसं उतरवा, नट जमिनीवरच सैल करा, मगच जॅक चढवा. बसवताना नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा, शेवटचा आवळा चाक जमिनीवर टेकल्यावर द्या आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. स्टेपनीची हवा महिन्यातून एकदा पाहा. बऱ्याच व्हॅनमध्ये ती गाडीच्या पोटाखाली चिखलात टांगलेली असते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.