आमच्याकडे एकही चूक झाली नाही

परवा एका बैठकीत एका हॉस्पिटलच्या क्वालिटी मॅनेजरने स्लाइड दाखवली. तीन महिन्यांत औषधांच्या चुका: शून्य. टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या मेट्रनबाई माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. त्यांचं आयुष्य वॉर्डात गेलंय, असा शून्य कसा येतो ते त्यांना कुणी सांगायला नको.

मी रुग्णसुरक्षेवर संशोधन करते. नावापुढे आता 'वरिष्ठ' लागलंय, तरी घरी कुणाला नीट कळलेलं नाही की मी करते काय. सासूबाई शेजारणीला सांगतात, "ती हॉस्पिटलातल्या चुका शोधते," की शेजारीण लगेच चुलत दिराच्या गुडघ्याचं ऑपरेशन काढते. खरं तर चुका शोधाव्या लागतच नाहीत, रोज होतात. त्या सांगणारं माणूस मिळत नाही.

एकच प्रसंग सांगते. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदींच्या मिळतात, एका मिलीत ४० युनिटवाली आणि एका मिलीत १०० युनिटवाली. सिरिंजाही दोन. ४० वालीची टोपी लाल, १०० वालीची नारंगी. वर्गात फळ्यावर हे लहान पोरालाही समजेल. आता रात्रीचे साडेआठ, ड्यूटी बदलतेय, नातेवाइकांची गर्दी अजून हललेली नाही, एका आजोबांनी सलाइन उपसून टाकलंय आणि एक सिस्टर तिकडे अडकलीये. दुसरीच्या हातात एका पेशंटच्या मुलाने बाहेरच्या मेडिकलमधून चिठ्ठीवर आणलेली बाटली आहे. १०० वाली. वॉर्डात नारंगी टोपीच्या सिरिंजा संपल्यात, लाल आहेत. ऑर्डर २० युनिटची. लाल सिरिंज २० च्या रेघेपर्यंत भरली की अर्धा मिली होतं, म्हणजे ५० युनिट, अडीच पट. रात्री कधीतरी त्या माणसाची साखर कोसळणार, आणि लांबून बघणाऱ्याला तो गाढ झोपलाय असंच वाटणार.

ती थांबली. का, तर रोजच्या सवयीने तिच्या हाताला वाटलं की या बाटलीचं झाकण काहीतरी वेगळं लागतंय. बाटली ट्यूबलाइटखाली धरून पुन्हा वाचली, आणि त्या मुलाला सिरिंजेसाठी परत खाली पिटाळलं. तो वैतागून गेला.

मला हे तिच्याकडूनच कळलं चार दिवसांनी, चहा पिताना, आणि लगोलग तिचं पुढचं वाक्य आलं: "लिहू नका हं मॅडम. मेमो निघेल." झालेलं काहीच नव्हतं. उलट तिने एक जीव वाचवला होता. पण कागदावर आलं असतं तर प्रश्न तिलाच विचारला गेला असता, बाटली आधी का नाही वाचली? नारंगी सिरिंजा का संपल्या हे स्टोअरला कुणी विचारलं नसतं.

यात मीही धुतल्या तांदळासारखी नाही. चुका कळवण्यासाठी मी आखलेल्या पहिल्या इन्सिडेंट फॉर्मवर अगदी वरचा रकाना होता, 'संबंधित कर्मचाऱ्याचे नाव'. पट्टीने आखल्यासारखा सुंदर. वर्षभरात बोटांवर मोजण्याइतके फॉर्म आले आणि बहुतेक पेशंट पलंगावरून पडल्याचे, कारण तिथे खापर पेशंटवर फोडता येतं. तो रकाना काढला तेव्हा फॉर्म यायला लागले, चुरगळलेले, निनावी, कधी ताप-नाडी-श्वास नोंदायच्या टीपीआर चार्टच्या पाठीवर लिहिलेले. मग ट्रस्टींनी बोलावून घेतलं. "मॅडम, तुम्ही आल्यापासून चुका वाढल्यात." थर्मामीटर आणल्यापासून पोरांना ताप यायला लागला म्हणण्यातला हा प्रकार आहे, हे उत्तर मला घरी जाताना रिक्षात सुचलं.

कागदाचं काय करायचं ते आपल्याला बरोबर जमतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची तपासणी-यादी आणली. दिल्लीसह आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत ती वापरल्यावर मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं, २००९ मध्ये हे छापूनही आलं. पुढे २०१४ मध्ये कॅनडातल्या ओंटारिओमधल्या १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास आला, त्यात म्हणण्यासारखा फरकच नाही. आमच्या लोकांत यावर कडाक्याचे वाद होतात. मी ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर बसून एवढं पाहिलंय की पेशंट अजून लिफ्टमध्ये असतो आणि यादीवर सगळे टिकमार्क झालेले असतात, एकाच पेनाने, एकाच झोकात. ऑपरेशन संपताना मोजायचे स्पंज मोजल्याच्या टिकमार्कसकट.

कुणालाच जाब विचारू नये असं माझं म्हणणं नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलीन ग्लायकोल हे विषारी रसायन निघालं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने औषध खरेदी, औषध प्रशासन ते थेट मंत्र्यांपर्यंत बोट ठेवलं. तिथे नावं घ्यायलाच हवी होती. पण ते औषध पेशंटच्या तोंडापर्यंत नेणारे हात वॉर्डातल्याच कुणाचे तरी असणार, आणि चौकशी तिथेच थांबली असती तर बाकी साखळी तशीच राहिली असती. आमच्याकडे रोजच्या लहानसहान चौकश्या तिथेच थांबतात.

१७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन. २०१९ पासून साजरा होतो, रंग नारंगी. आमच्याकडेही नारंगी फिती, नारंगी फुगे, नारंगी रांगोळी, केकसुद्धा. त्याच आठवड्यात फॉर्म टाकायच्या पेटीत एक चिठ्ठी सापडली, बिननावाची: 'नारंगी टोपीच्या सिरिंजा परत संपल्या आहेत.'

चिठ्ठी घेऊन मी स्वतः स्टोअरला गेले. स्टोअरकीपरने चष्मा लावून ती दोनदा वाचली, उलटून मागची बाजू पाहिली आणि म्हणाले, "ते ठीक आहे मॅडम, पण हे लिहिलंय कुणी?"