प्राध्यापकांना तिची आजी भेटलेली नाही

"मदत लागली तर मागा." इंग्लंडमधल्या विद्यापीठांत हे वाक्य भिंतींवर असतं, प्रत्येक ईमेलच्या तळाशी असतं, बाथरूमच्या दाराला आतून चिकटवलेलंसुद्धा असतं. अकरा वर्षं इथे शिकवतेय. ज्याच्या नाकातोंडात पाणी चाललंय असं एकही पोर हे वाक्य वाचून माझ्याकडे आलेलं नाही. येतात ते ६८चे ७० का झाले नाहीत म्हणून भांडायला.

माझी एक चिनी विद्यार्थिनी, तीही आली नव्हती. फेब्रुवारीत पहिल्या सत्राचे निकाल लागले आणि माझ्या वाट्याच्या बारा मुलांमध्ये (इथे प्रत्येकाला एक पर्सनल ट्यूटर नेमून देतात, आपल्या वर्गशिक्षकासारखं काहीतरी) तिच्या नावापुढे ४१ दिसले. एमएस्सीला पास व्हायला ५० लागतात. खाली शेरा होता: निबंध एआयने लिहिल्याचा संशय. मी ईमेल केला. उत्तर नाही. दुसरा केला. तिसऱ्याला उत्तर आलं, "डिअर टीचर, सॉरी. मी ठीक आहे."

हे 'मी ठीक आहे' माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. सोलापूरहून पुण्याला शिकायला गेले तेव्हा पहिल्याच वर्षी दोन विषय राहिले होते, आणि दर रविवारी एसटीडी बूथवरून मी आईला हेच सांगत होते. चिनी भाषेत तर त्यासाठी तयार वाक्यच आहे: 'बाओ शी बू बाओ यौ'. चांगलं तेवढं कळवायचं, वाईट कळवायचं नाही. एकुलती एक मुलगी, वीस हजार पौंडांच्या वर फी, वर राहण्याखाण्याचा खर्च. कळवणार तरी काय?

शेवटी मीच तिला कॉफीला बोलावलं. ऑफिसात नाही, मुद्दाम कॅन्टीनमध्ये. दहा मिनिटं ती कपाकडे बघत बसली. गाव विचारलं तर म्हणाली, तुम्हाला माहीत नसेल, बीजिंगच्या खाली आहे, शिजियाझुआंग. मी म्हटलं, माहीत कसं नसेल? आमच्या सोलापूरच्या माणसाची समाधी आहे तिथे. तिने पहिल्यांदा मान वर केली. "क दीहुआ?"

हो, आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस. चीनमध्ये त्यांना याच नावाने ओळखतात. लहानपणी शाळेतून तिला तिथे फुलं वाहायला नेलं होतं. तो माणूस १९३८ साली तिकडे गेला तेव्हा त्याला चिनी भाषेचा गंध नव्हता, आणि पुढे त्याच भाषेत तो विद्यार्थ्यांना शिकवायला लागला. १९४२मध्ये गेला, वय फक्त ३२. हे सगळं तिला पाठ होतं. पण क दीहुआसुद्धा एके काळी वर्गात मागे बसून काही न कळणारा परदेशी असेल, हे कधी तिच्या डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर माझ्याही आलं नव्हतं.

मग ती बोलायला लागली.

आता निबंधाचं. शेरा वाचून माझ्याही मनात पहिल्यांदा 'कॉपीच असणार' हेच आलं होतं, हे कबूल करते. तिने पिशवीतून वही काढली. अख्खा निबंध चिनीत, हाताने लिहिलेला, खाडाखोडीसकट. तोच मशीनमधून इंग्रजीत आणला आणि मग व्याकरण सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला. मी तिला स्पष्ट सांगितलं की हे चालत नाही. पण तो चोरीचा माल नव्हता. आणि एआय पकडणाऱ्या त्या यंत्रांचं मला कौतुक सांगू नका. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये टोफेलचे (परदेशी मुलांची इंग्रजीची परीक्षा) ९१ निबंध अशा सात यंत्रांना दिले. माणसांनीच लिहिलेले, एका चिनी संकेतस्थळावरून घेतलेले. सरासरी ६१ टक्के निबंध यंत्रांनी एआयचे ठरवले. साधे शब्द, सरळ वाक्यं, म्हणजे मशीन! या हिशेबाने माझी बारावीची इंग्रजीची उत्तरपत्रिकाही एआयनेच लिहिली होती म्हणायची. चौकशीत तिच्यावर काही सिद्ध झालं नाही. ४१ मात्र ४१च राहिले.

कारण खरा घोळ वेगळाच होता. निबंध शहरी वाहतुकीवर होता, आणि त्यात एकामागून एक विद्वानांची मतं. अमुक म्हणतात, तमुक म्हणतात. तुमचं आमचं शालेय निबंधलेखन आठवा, 'थोर विचारवंतांच्या मते' वालं. इथे 'क्रिटिकल' लिहा असं प्रत्येक सूचनापत्रात छापतात आणि त्याचा अर्थ कोणीही समजावत नाही. तिने त्याचा अर्थ 'टीका' असा घेतला होता, आणि शिक्षकांवर टीका कशी करायची?

मी विचारलं, मेट्रो आली की लोक बस सोडतात, असं या लेखकाने म्हटलंय. तुला पटतं?

"ते प्रोफेसर आहेत."

ते कळलं. पण तुमच्याकडे २०१७मध्ये मेट्रो सुरू झाली ना? घरात कोण जातं मेट्रोने?

आई जाते. आजी नाही जात. स्टेशन लांब, जिने फार, आणि बसमध्ये तिच्या मैत्रिणी असतात.

म्हणजे प्रोफेसर चुकले?

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "चुकले नाहीत. त्यांना माझी आजी भेटलेली नाही."

हेच लिही, मी म्हटलं.

या मुलीला मठ्ठ कोण म्हणेल? तिने २०२० साली गाओकाओ, म्हणजे चीनमधली विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा, दिली, कोविडमुळे जूनऐवजी जुलैत, १ कोटी ७ लाख मुलांबरोबर. पाठांतर, चिकाटी, मान मोडून अभ्यास, सगळं आहे. खेळाचे नियम तेवढे कोणी सांगितले नाहीत. तिकडे शंभरापैकी ६० म्हणजे काठावर पास. इथे ६५ पडले की लोक अभिनंदन करतात. पहिल्या छोट्या असाइनमेंटला ५८ मिळाले होते, तेव्हाच तिला वाटलं आपण संपलो, आणि ती वर्गात यायची बंद झाली. उपस्थिती घसरली की इथे व्हिसाच्या भाषेत ईमेल यायला लागतात. ते वाचून कोण वर्गात येईल?

त्यात मायदेशी या एका वर्षाच्या ब्रिटिश पदवीची टिंगल 'शुई शुओ' म्हणून होते. पाणी घातलेली मास्टर्स. आपल्या दुधासारखी. म्हणजे इथे नापास होण्याची लाज, आणि तिकडे पास होऊनही किंमत नाही.

त्यानंतर दर गुरुवारी अर्धा तास. ती बोलायची, मी तिचेच शब्द टाइप करायचे, घरी जाऊन ती त्यातून परिच्छेद लिहायची. मशीन बंद. 'मॅडम' नको, पण नावाने हाक मारायलाही तिची जीभ वळेना, तेव्हा मी म्हटलं 'लाओशी' म्हण, तुमच्या चिनीतलं 'शिक्षक'. पहिल्या वर्षी माझ्या गाइडला नावाने हाक मारताना माझीही तीच गत व्हायची.

या गुरुवारांना माझ्या कामाच्या तासांच्या तक्त्यात रकाना नाही. ट्यूटर म्हणून एका मुलामागे वर्षाला जेवढा वेळ धरतात तो दोन ईमेलांत संपतो. फी घेताना मात्र हात आखडत नाहीत.

आपल्या मंडळींचं तर विचारूच नका. मंडळाच्या गुढीपाडव्याला मी हे सांगितलं तर एक काका म्हणाले, "चिन्यांसाठी एवढं? सीमेवर काय चाललंय बघतेस ना?" दुसऱ्या एकीचं म्हणणं, ही मुलं आपापल्यातच राहतात, मिसळतच नाहीत. हे मराठीत, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये, साबुदाणा वडा खाताना.

ऑगस्टमध्ये तिने पुन्हा निबंध दिला. नियम असा की फेरपरीक्षेत कितीही चांगलं लिहिलं तरी कागदावर जास्तीत जास्त ५०च येतात. परवा निकाल लागला. ५०. मी अभिनंदनाचा ईमेल लिहीतच होते, तेवढ्यात दारावर टकटक. न बोलावता.

"लाओशी, मूळ गुण किती होते?"

फाइल उघडून बघितलं. ६३.

तिने तीच वही काढली, शेवटच्या पानावर ६३ लिहिले, भोवती गोल काढला, आणि मग विचारलं की प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात आजीला परत आणलं तर चालेल का.